पाल: मारायची, पाळायची की सोडून द्यायची?

आमच्या लहानपणी घरात पाल दिसली की दोन गोष्टी ठरलेल्या असत. आम्ही पोरं पलंगावर चढायचो आणि दादीअम्मा चप्पल शोधायची. "मार रे उसकू, पैले फटके में मारा तो ज्यादा सवाब," असं म्हणत ती स्वतःच पुढं सरसावायची. शेजारच्या काकूंच्या घरात उलटं होतं. तिथं पालीला कुणी मारत नसे. ती चुकचुकली की काकू 'कृष्ण कृष्ण' म्हणत जमिनीवर बोट आपटायच्या, आणि अंगावर पडली तर पंचांगात पल्लीपतनाचं फळ बघून आंघोळीला जायच्या. एका भिंतीच्या अलीकडं पाल म्हणजे सवाब, पलीकडं शकुन-अपशकुन. पाल म्हणजे फक्त पाल, असं मात्र दोन्हीकडं कुणाला वाटत नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या ईदला घरी आला तेव्हा मोबाईलवर एक फोटो दाखवत म्हणाला, "मामू, ही घ्यायची आहे. अम्मीला तुम्ही समजवा." फोटोत काचेच्या पेटीत बसलेली पिवळी, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची पाल होती. लेपर्ड गेको. किंमत पंधरा हजार. माझी बहीण स्वयंपाकघरातूनच ओरडली, "पैशे देके छिपकली लायेगा? लोगां हसेंगे!"

मी हसलो, पण भाच्यानं तयारी करून ठेवली होती. तो म्हणाला, "मामू, ही रानातून पकडलेली नाही, ब्रीड केलेली आहे. आणि रेड लिस्टमध्ये ही 'लीस्ट कन्सर्न' आहे, मी बघितलंय. म्हणजे हिला काही धोका नाही. मग अडचण काय आहे?"

त्या क्षणी माझ्याकडं उत्तर नव्हतं. पोरगा अभ्यास करून आला होता आणि मी नुसता मामू होतो. म्हणून गेले काही महिने जमेल तसं वाचत राहिलो. त्या वाचनातून माझं जे मत झालं ते इथं मांडतो. प्रश्न माझ्या भाच्यापुरता राहिलेला नाही. मुंबई-पुण्यात आणि आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतही परदेशी प्राणी पाळायची हौस वाढते आहे, आणि ती पुरवणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातली पोरंही आहेत.

आधी भाच्याच्या बाजूचं बोलतो, कारण त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. लेपर्ड गेको ही मूळची पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि भारताच्या वायव्य भागातली, खडकाळ कोरड्या मुलखातली पाल. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखे चिकटणारे तळवे तिला नसतात, त्यामुळं ती भिंत चढत नाही. तिला पापण्या असतात, ती डोळे मिटू शकते. शेपटीत चरबी साठवते. माणसाच्या हातात शांत बसते. पाश्चात्त्य देशांत गेली कित्येक दशकं तिची पैदास बंदिस्त जागेत होते आहे. आज युरोप-अमेरिकेतल्या घरांत ज्या लेपर्ड गेको आहेत त्यातल्या बहुतेक पेटीत जन्मलेल्या आहेत, त्यांच्या कित्येक पिढ्यांनी डोंगर पाहिलेला नाही. आणि जागतिक रेड लिस्टमध्ये ही जात 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे तूर्त चिंता नसलेल्या गटात आहे, हेही खरं.

पण 'चिंता नाही' या दोन शब्दांचा अर्थ भाच्यानं लावला तेवढा सरळ नाही. रेड लिस्ट संपूर्ण जातीबद्दल बोलते. ती जात अनेक देशांत पसरलेली असेल तर एखाद्या डोंगरावरून ती साफ उचलली गेली तरी यादीतला गट बदलत नाही. शिवाय ही यादी म्हणजे काही कायदा नाही, ती धोक्याची मोजणी आहे. व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार वेगळा, त्याला साइट्स म्हणतात. त्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांचा व्यापारी व्यवहार जवळजवळ बंद असतो आणि दुसऱ्या परिशिष्टातल्यांचा परवान्यावर चालतो. एखादी जात रेड लिस्टमध्ये निर्धास्त असली तरी साइट्समध्ये असू शकते, आणि धोक्यात असलेली जात साइट्समध्ये यायला कित्येक वर्षं लागू शकतात. त्या मधल्या वर्षांत काय होतं हे समजायचं असेल तर टांझानियाच्या निळ्या पालीकडं बघावं लागेल.

टांझानियात उलुगुरु डोंगरांच्या पायथ्याला किंबोझा नावाचं जंगल आहे. क्षेत्रफळ जेमतेम चार चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या एखाद्या गावाचं शिवार असतं तेवढं. तिथं केवड्याच्या जातीच्या एका झाडावर बोटाएवढी पाल राहते, नर चमकदार निळ्या रंगाचा. शास्त्रीय नाव लायगोडॅक्टिलस विल्यमसाय. हा निळा रंग तिचा काळ ठरला. जर्मन संशोधकांनी तिथं जाऊन हिशेब मांडला तेव्हा कळलं की डिसेंबर 2004 ते जुलै 2009 या काळात पकडणाऱ्यांच्या एकाच टोळीनं किमान 32 हजारांहून जास्त पाली नेल्या होत्या. जंगलात तेव्हा असलेल्या एकूण पालींच्या साधारण 15 टक्के. वर चढून पकडायला त्रास होतो म्हणून झाडंच तोडली जात. म्हणजे पाल गेली आणि तिचं घरही गेलं. 2012 साली ती 'अतिसंकटग्रस्त' ठरली. साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात तिला घ्यायचा निर्णय 2016 च्या जोहान्सबर्ग परिषदेत झाला. लूट सुरू झाल्यापासून बंदी येईपर्यंत एक तप उलटलं.

त्याच परिषदेत व्हिएतनामच्या एका पालीलाही पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. होन खोआई नावाच्या बेटावरची ही पाल 2010 साली शास्त्राला माहीत झाली. केशरी हातपाय, केशरी शेपटी, मानेवर पिवळी जाळी. नाव कळल्यापासून सहा वर्षांत तिच्यावर बंदीचं छत्र धरावं लागलं, यावरून मागणी किती वेगानं धावते ते समजतं.

यापेक्षा वाईट गोष्ट आहे ती चीन-व्हिएतनाम सीमेवरच्या गोनियुरोसॉरस लुई या पालीची. चुनखडीच्या डोंगरांत, गुहांच्या तोंडाशी राहणारी ही पाल. 1999 साली शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन छापलं, आणि पद्धतीप्रमाणं ती कुठं सापडली तेही लिहिलं. पकडणाऱ्यांनी तो शोधनिबंध पत्त्यासारखा वापरला. परदेशी बाजारात एकेका पालीला दीड ते दोन हजार डॉलर मिळू लागले आणि ज्या ठिकाणाहून तिची ओळख झाली तिथून ती नाहीशी झाली. 2006 साली 'सायन्स' या नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी हे दुखणं मांडलं: आम्ही एखाद्या जिवाला नाव देतो आणि तेच त्याच्या मुळावर येतं. त्यानंतर या गटातल्या नव्या पालींचं वर्णन करताना काही संशोधकांनी नेमकी जागा लिहायचंच सोडलं. चीन आणि व्हिएतनाममधल्या या साऱ्या गटाला साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात यायला 2019 साल उजाडलं.

हे वाचताना मला आपला सह्याद्री आठवला. आमच्या सातारा जिल्ह्यात कोयनेच्या परिसरातून 2019 साली पालीची एक नवी जात शास्त्राला कळली, तिचं नावच कोयनेवरून ठेवलंय. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या तरुण संशोधकांनी अशा कितीतरी पाली शोधल्या. त्यातल्या बऱ्याच एखाद्या डोंगरापुरत्या, एखाद्या पठारापुरत्या आहेत. लेपर्ड गेकोची सख्खी बहीण म्हणावी अशी एक जात तर महाराष्ट्र-गुजरातच्या माळरानांत राहते. दिवसा दगडाखाली, रात्री बाहेर. आपले लोक तिला विषारी समजून ठेचतात, आणि परदेशातले शौकीन तिच्या नात्यातल्या पालींसाठी हजारो रुपये मोजतात. बातमी आली की आपण आनंदानं फॉरवर्ड करतो. आनंद करावाच. पण 'नेमकी कुठं सापडली?' हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण अभ्यासकच असतो असं नाही, एवढं लक्षात ठेवावं.

आता भाच्याच्या दुसऱ्या मुद्द्याकडं येतो: "ब्रीड केलेली आहे." या वाक्यावर हा सगळा बाजार उभा आहे. ते कधी खरं असतं आणि कधी सरळ खोटं.

टोके गेको नावाची एक मोठी पाल आहे. निळसर अंगावर केशरी ठिपके, 'टो-के' असा खणखणीत आवाज. आपल्या ईशान्येकडच्या राज्यांपासून इंडोनेशियापर्यंत आढळते. चिनी औषधांत तिला वाळवून वापरायची जुनी चाल आहे. त्यात 2010 च्या आसपास अफवा उठली की हिच्यापासून एड्सवर औषध होतं. त्याला वैद्यकीय पुरावा काही नव्हता. फिलिपाइन्सच्या सरकारला 2011 साली लोकांना तसा इशारा द्यावा लागला. पण तोपर्यंत इतक्या ग्रॅमची पाल असेल तर इतके लाख, अशा बोलीच्या गोष्टी गावोगाव फिरू लागल्या होत्या. आसाम-मणिपूरकडं आजही या पाली घेऊन जाणारे पकडले जातात.

याच पालीबद्दल इंडोनेशियानं काही कंपन्यांना वर्षाला तीस लाखांहून जास्त जिवंत, पैदास केलेल्या पाली पाळीव प्राणी म्हणून निर्यात करायला परवानगी दिली. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या 2015 सालच्या अहवालात याचं साधं गणित मांडलं आहे. वर्षाला दहा लाख पाली विकायच्या तर सुमारे 1 लाख 40 हजार माद्या, 14 हजार नर, पिल्लं वाढवायला लाखाच्या वर पिंजरे आणि शेकडो माणसं लागतील. तेवढा खर्च करून ही पाल विकणं परवडतच नाही. मग एवढ्या पाली येणार कुठून? उघड आहे, रानातून. कागदावर 'पैदास' असा शिक्का मारला की रानातली चोरी धुऊन निघते. टोके गेकोला साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात 2019 साली घेतलं गेलं. रेड लिस्टमध्ये मात्र ती 'लीस्ट कन्सर्न'च. भाच्यानं वाचलेल्या त्या दोन शब्दांमागं लाखो वाळवलेल्या पाली झाकल्या जातात त्या अशा.

खरीखुरी पैदास झाली तरी रानाचा प्रश्न सुटतोच असंही नाही. न्यू कॅलेडोनिया बेटांवरची क्रेस्टेड गेको 1866 पासून शास्त्राला माहीत होती, मग ती दिसेनाशी झाली आणि संपली असं मानलं गेलं. 1994 साली ती पुन्हा सापडली. तेव्हा नेलेल्या थोड्या पालींपासून इतकी पैदास झाली की आज ती जगातल्या सगळ्यात लोकप्रिय पाळीव पालींपैकी एक आहे. पण तिच्या बेटावर ती अजून 'असुरक्षित' गटातच आहे. तिथं बाहेरून आलेल्या लाल मुंग्या, उंदीर आणि तुटणारं जंगल तिला खातंय. अमेरिकेतल्या काचेच्या पेट्यांतल्या पालींचा त्या बेटाला उपयोग नाही. एवढंच म्हणता येईल की पेट्या भरलेल्या असल्यामुळं बेटावर पकडणाऱ्यांची झुंबड कमी आहे. हेही काही थोडं नाही, आणि म्हणून प्रामाणिक पैदास करणाऱ्यांना मी दोष देत नाही.

पैदासीची दुसरीही बाजू आहे. नवनव्या रंगांच्या हव्यासानं जवळच्या नात्यात संकर होतात. लेपर्ड गेकोचा 'लेमन फ्रॉस्ट' नावाचा फिका पिवळा प्रकार हजारो डॉलरला विकला गेला. नंतर लक्षात आलं की त्या रंगाबरोबर कातडीच्या गाठीही येतात, कॅन्सरच्या. 2021 साली संशोधकांनी त्यामागचा जनुकही शोधला. आपल्या डोळ्यांना सुख म्हणून एका जिवाच्या अंगात रोग वाढवायचा, याला हौस म्हणावं की आणखी काही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

इथवर झाली माहिती. आता आपल्या घरातलं बोलू.

मी आलिम नाही. पण दादीअम्माच्या 'सवाबा'नं मला लहानपणापासून छळलंय, म्हणून ते ठिकाण मी शोधलं. पाल मारण्याबद्दलच्या हदीस आहेत, आणि त्या सहीह संग्रहांत आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या फटक्यात मारण्याचा सवाब जास्त हेही तिथंच आहे. हजरत इब्राहिम यांच्यासाठी पेटवलेल्या आगीवर पालीनं फुंकर घातली, ही गोष्टही तिथलीच. पण त्याच बुखारीत हजरत आयशा यांचं म्हणणं आहे की प्रेषितांनी पालीला उपद्रवी म्हटलं खरं, मात्र तिला मारायचा हुकूम देताना मी त्यांना ऐकलं नाही. दुसऱ्या एका संग्रहात त्यांच्याच घरात पालीसाठी भाला ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे रिवायती एका सुरात नाहीत, आणि उलेमांनी यावर जी चर्चा केली तिचा भर घरातल्या उपद्रवावर, अपायावर आहे.

यातून मी माझ्यापुरता अर्थ काढतो तो असा. इजा करणाऱ्यापासून घर राखायची मुभा ही मुभा आहे, ते रानात जाऊन संहार करायचं फर्मान नव्हे. आपल्या भिंतीवरची पाल विषारी नाही, हे आज आपल्याला पक्कं माहीत आहे. ती डास, झुरळं, पतंग खाते. डेंग्यूच्या दिवसांत आपण कॉइल जाळतो, फवारे मारतो आणि फुकटात राखण करणाऱ्या जिवाच्या मागं चप्पल घेऊन धावतो. ज्यांना माझा अर्थ पटणार नाही त्यांच्याशी मला भांडायचं नाही. पण या हदीसच्या आधारावर टांझानियाच्या जंगलातल्या किंवा सह्याद्रीच्या कड्यावरच्या पालीबद्दल 'गेली तर गेली, बरंच झालं' असं कुणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. कुरआनच्या सूरह अनआममध्ये (आयत 38) जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या साऱ्या जिवांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे. पाल या आयतीच्या बाहेर आहे असं मला तरी कुठं दिसलं नाही.

पाळण्याबद्दलही आपल्या परंपरेत शिकण्यासारखं पुष्कळ आहे. अबू उमैर नावाच्या लहान मुलाकडं एक छोटा पक्षी होता. प्रेषित त्या मुलाची गंमत करत त्या पक्ष्याची विचारपूस करायचे. त्यांनी मुलाला रागावून पक्षी सोडायला लावला नाही. म्हणजे प्राणी पाळणंच वाईट, असं नाही. मात्र मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचा शेवट आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेला आहे. आणि अबू दाऊदच्या संग्रहातली ती घटना आहेच: प्रवासात एका सहाबींनी पक्षिणीची दोन पिल्लं उचलून आणली, ती आई वर घिरट्या घालू लागली, आणि प्रेषितांनी पिल्लं परत ठेवायला सांगितली. या तीन गोष्टी एका रांगेत ठेवल्या की मला तरी रेघ स्पष्ट दिसते. सांभाळता येत असेल तर पाळायला हरकत नाही. कोंडून हाल करणं गुन्हा. आणि जिवंत घरट्यातून उचलून आणणं चूक, त्यावर उपाय एकच, परत ठेवणं. किंबोझातून गेलेल्या बत्तीस हजार पालींना परत ठेवणारं कुणी नाही.

चौथी गोष्ट बाजाराची आहे. प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि फसवणारा आमच्यातला नाही असं त्यांनी त्या विक्रेत्याला बजावलं. रानातली पाल 'ब्रीड केलेली' म्हणून विकणं आणि ओलं धान्य खाली दडवणं यात मला फरक दिसत नाही. नफा पैशांचा असला तरी तो हलाल राहतो का, हा प्रश्न विकणाऱ्यानं स्वतःला विचारावा.

इथं एक अवघड गोष्ट लिहायला हवी. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एखाद्या प्रवाशाच्या बॅगेत सरडे, साप, पाली सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. आरोपीचं नाव आपल्यातलं असलं की खालच्या प्रतिक्रिया मी वाचत नाही, कारण त्या काय असणार ते मला माहीत आहे. नाव दुसरं असलं की ती फक्त तस्करीची बातमी राहते. हा दुजाभाव खरा आहे आणि त्याचा त्रास होतो. न्यूझीलंडमध्ये अंतर्वस्त्रात 44 पाली आणि सरडे लपवून नेताना एक जर्मन माणूस पकडला गेला होता, तेव्हा जर्मनीच्या धर्माची चर्चा कुणी केली नव्हती. पण या रागापोटी आपण आपल्या पोरांना 'चालतंय, सगळेच करतात' असं म्हणू लागलो तर नुकसान त्या पोरांचंच आहे. बॅग वाहणारा पोरगा पकडला जातो, जामिनासाठी अम्मीचे दागिने जातात. बॅग पाठवणारा आणि घेणारा बातमीत कधी येत नाहीत. किंबोझात झाडावर चढणाऱ्या गावकऱ्याला एका पालीमागं जे मिळालं असेल आणि युरोपातल्या दुकानात तिची जी किंमत लागली असेल, त्यातलं अंतर आणि आमच्या बॅगवाल्या पोराचं अंतर एकच आहे. या साखळीत गरीब माणूस सगळ्यात कमी कमावतो आणि सगळ्यात जास्त भोगतो.

कायदाही आता पूर्वीसारखा ढिला नाही. 2022 च्या दुरुस्तीनं साइट्सच्या परिशिष्टांतल्या जाती आपल्या वन्यजीव कायद्यात आल्या, आणि 2024 च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. परदेशातून प्राणी आणायला परवाना लागतोच. भारतानं स्वतःही 2022 च्या पनामा परिषदेत पूर्व घाटातल्या जेपोर पालीला साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घ्यायला लावलं. ही पाल सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कुणाला दिसली नव्हती, 2010 च्या सुमारास ती पुन्हा सापडली. सापडल्यावर बारा वर्षांत तिला परिशिष्टाचं कुलूप लावलं, हे शहाणपणाचं झालं.

तरीही कायद्यावर सगळं सोडून चालणार नाही असं माझं मत आहे. कायदा नेहमी उशिरा पोचतो. ज्या जातीला आज परिशिष्टात जागा नाही तिचा उद्याचा किंबोझा होऊ शकतो. त्या मधल्या काळात रानातल्या पालीला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे विकत घेणाऱ्यानं विचारलेला प्रश्न. ही कुठं जन्मली? हिचे आईबाप कुणाकडं आहेत? कागद दाखवा. उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात परत ठेवायचे. आणि रानातून आणलेली, किंवा एखाद्या बेटापुरती, डोंगरापुरती असलेली जात असेल, तर कागद कितीही चकचकीत असला तरी घ्यायची नाही.

मी भाच्याला एवढंच सांगितलं. नको म्हणालो नाही. "विक्रेत्याला हे तीन प्रश्न विचार, आणि उत्तरं मला पाठव." दोन दिवसांनी त्यानं मेसेज पुढं ढकलला. विक्रेत्यानं लिहिलं होतं, "भाई, लेना है तो लो, पेपर का क्या अचार डालोगे?" भाच्यानं पाल घेतली नाही. पण तो माझ्यावर खूश आहे असंही नाही. त्याला अजून वाटतं की मामूनं गोड बोलून त्याचा बेत मोडला. कदाचित त्याला उद्या नीट कागदपत्रं देणारा, खरी पैदास करणारा कुणी भेटेल, आणि मग मी त्याच्या अम्मीला समजवायला जाईन. तो शब्द मी दिलाय.

आणि दादीअम्माची ती चप्पल? दादीअम्मा आता नाही, पण चप्पल माझ्या बहिणीकडं आली आहे. परवा तिच्या घरी गेलो तेव्हा ट्यूबलाइटच्या मागून एक पाल बाहेर आली. बहिणीचा हात खाली गेला. भाचा पलंगावर बसल्या बसल्या म्हणाला, "अम्मी, रहने दे. डास खाती है वो." बहिणीनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू हे सगळं मीच पढवलंय. मी चहाचा कप तोंडाला लावला.